नाताळची झाडं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या महिन्याच्या टपालात युरोपात राहणाऱ्या किंवा तिकडे मुलांकडे गेलेल्या वाचकांची पत्रं जास्त आहेत, आणि बहुतेकांचे प्रश्न नाताळातल्या झाडांविषयीचे आहेत. एका वाचकाने बजावलं आहे, ‘दंतकथा नकोत, फक्त शास्त्र सांगा.’ त्यांची क्षमा मागून मी दोन्ही सांगणार आहे. वनस्पतीशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. लेक जर्मनीत असल्यामुळे तिकडचे हिवाळेही बरेच पाहिले. या झाडांच्या कथा ऐकता ऐकता माझं मत असं झालं आहे की त्यातल्या बऱ्याच कथांच्या मुळाशी कुणीतरी नीट डोळे उघडे ठेवून पाहिलेलं काहीतरी असतं. ते एकदा सापडलं की शास्त्र त्याला धरूनच पुढे येतं.

प्रश्न : फ्रान्समध्ये रेल्वेने जाताना पानं झडलेल्या उंच झाडांवर हिरवे गोल झुबके दिसले. आम्हाला ती घरटी वाटली. सून म्हणाली, हे मिसलटो, याच्याखाली उभं राहून चुंबन घेतात. हे नक्की काय आहे? त्याने झाड मरतं का?

उत्तर : सूनबाईंचं बरोबर आहे. हे युरोपातलं बांडगूळ, व्हिस्कम आल्बम. तुम्ही पाहिलेली उंच झाडं बहुधा पॉपलरची असावीत. सफरचंद, लिंडन आणि हॉथॉर्न ही त्याची आणखी आवडती झाडं. उन्हाळ्यात पानांच्या गर्दीत ते दिसतच नाही. पानगळ झाली की झाड मेल्यासारखं उभं असतं आणि त्यावर जमिनीशी काहीही संबंध नसलेला हिरवागार गोळा लटकत असतो. या दृश्याने माणसाला विचारात पाडलं नसतं तरच नवल.

मिसलटो अर्धपरजीवी आहे. पानांत हरितद्रव्य आहे, त्यामुळे साखर ते स्वतः बनवतं. पाणी आणि क्षार मात्र यजमान झाडाच्या फांदीत शोषकं घुसवून खेचतं. एकदोन झुबक्यांनी झाड मरत नाही. झुबके फार झाले आणि त्यात उन्हाळा कोरडा गेला तर झाड खंगतं, कारण पाणी कमी असलं तरी मिसलटोचा उपसा चालूच राहतो. तेव्हा बागाईतदार ते छाटतात.

सफरचंदाच्या जुन्या बागेत हाताशी येणारा झुबका सापडला तर त्याची फांदी जरूर निरखून पाहा. टोकाला चिवट पानांची एक जोडी, त्याखाली पेर, मग दुबेळकं. प्रत्येक फांदीला दोन फाटे, त्या प्रत्येकाला पुन्हा दोन. साधारणपणे वर्षाला एकच दुबेळकं फुटतं. म्हणून टोकापासून बुडापर्यंत दुबेळकी मोजत गेलं की झुबक्याच्या वयाचा चांगला अंदाज येतो. आता पांढरं, मोत्याएवढं फळ बोटांत दाबा. आतला गर भोकराच्या गरासारखा चिकट असतो आणि बोटं लांब केली तर त्याची तार निघते, तुटता तुटत नाही. हात मात्र नंतर धुवा, मिसलटो विषारी आहे. या चिकट द्रव्याला व्हिसिन म्हणतात आणि मिसलटोचा सगळा प्रसार त्याच्या जिवावर चालतो. मिसल थ्रश हा पक्षी फळं अख्खी गिळतो आणि त्याच्या विष्ठेतून बियांची चिकट माळ फांदीवर लोंबते. ब्लॅककॅप हा छोटा पक्षी वरचा गर खातो आणि चोचीला चिकटलेली बी फांदीवर घासून पुसतो. बी बरोबर जिथे रुजू शकेल तिथेच लागते.

आता कथा. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, ड्रुइड पुरोहितांविषयी लिहितो : ओकवरचं मिसलटो क्वचित सापडतं, म्हणून सापडलं की चंद्राच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या वस्त्रातला पुरोहित झाडावर चढून सोन्याच्या विळ्याने ते कापतो, खाली पांढऱ्या कापडात झेलतात, आणि दोन पांढऱ्या बैलांचा बळी देतात. यातला ‘क्वचित’ शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो आजही खरा आहे. ओकवर मिसलटो दिसणं ही वनस्पतीशास्त्रज्ञांच्या दृष्टीने अजूनही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे.

उत्तर युरोपातल्या जुन्या कथेत बाल्डर या लाडक्या देवाला काही इजा होऊ नये म्हणून त्याची आई फ्रिग अग्नी, पाणी, धातू, दगड, झाडं, प्राणी अशा सगळ्यांकडून शपथ घेते. फक्त मिसलटोला सोडते, कारण ते तिला फार कोवळं वाटतं. कपटी लोकी नेमकं तेच आंधळ्या होडर देवाच्या हाती फेकायला देतो आणि ते लागून बाल्डर मरतो. ही कथा तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरीने लिहून ठेवली. आइसलंडमध्ये मिसलटो उगवत नाही. त्याची डहाळी हाताळलेल्या माणसाला तिचा भाला होईल हे पटणं कठीणच, पण न पाहिलेल्या झाडाचा दरारा असा वाढतो.

चुंबनाची प्रथा यांच्या मानाने अगदी अलीकडची. तिच्या नोंदी इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून सापडतात. दर चुंबनागणिक एक फळ तोडायचं आणि फळं संपली की चुंबनं बंद, असा नियम होता. तो लोकांनी विसरायला नको होता असं मला वाटतं.

एक नवी गोष्टही सांगायलाच हवी. २०१८मध्ये जर्मनी आणि इंग्लंडमधल्या दोन संशोधक गटांनी दाखवलं की मिसलटोच्या पेशींत श्वसनसाखळीचा पहिला मोठा दुवा, ‘कॉम्प्लेक्स वन’, नाहीच. बहुपेशीय सजीवात असं तोवर कुठेही आढळलं नव्हतं. ऊर्जा मिळवण्याच्या इतक्या मूलभूत यंत्रणेचा एक भाग टाकून देऊनही हे झुडूप ऐन थंडीत फळं धरतं. ड्रुइडांना हे कळलं असतं तर त्यांनी बैल वाढवले असते.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात पर्थजवळ ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून एक नारिंगी फुलांचं झाड दाखवतात. त्याचा आणि नाताळच्या झाडाचा काय संबंध?

उत्तर : नाताळला सजवतात त्या सूचिपर्णी झाडाशी काही संबंध नाही. संबंध आहे तो वरच्या उत्तरातल्या मिसलटोशी. हे नुइट्सिया फ्लोरिबुंडा. मिसलटो आणि चंदन ज्या गणात येतात त्याच गणातलं, फक्त फांदीवर न वाढता जमिनीत उभं राहणारं आणि चांगलं वृक्षाएवढं होणारं. तिकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, तेव्हा ते पेटल्यासारखं फुलतं. खाली मुळांवर त्याची कड्यासारखी शोषकं असतात. ती शेजारच्या वनस्पतीच्या मुळाला वेढा घालतात आणि आतल्या धारदार पात्याने ते मूळ कापतात. जमिनीखालच्या केबलवरही त्याने हा प्रयोग केलेला आहे. तिथल्या नूंगार लोकांसाठी हे झाड पवित्र आहे. मृतांचे आत्मे पुढच्या प्रवासाला निघण्याआधी त्यावर विसावतात असं ते मानतात, म्हणून त्याची फुलं तोडत नाहीत. तुम्हीही तोडू नका.

प्रश्न : इंग्लंडमध्ये घर घेतलं तेव्हापासून अंगणात हॉली आहे. पानं सुंदर, पण लाल फळ एकही नाही. शेजारी म्हणतात तोडून टाका. फळं जास्त आली तर हिवाळा कडक जातो म्हणतात, तेही खरं का?

उत्तर : तोडू नका. हॉलीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि फळं फक्त मादीला लागतात. वसंताच्या अखेरीस चार पाकळ्यांची छोटी पांढरी फुलं येतील तेव्हा एक फूल तोडून भिंगाखाली धरा. मधोमध फुगीर हिरवा बीजकोश दिसला तर झाड मादी. परागाने भरलेले चार पुंकेसर उठून दिसले आणि मधे जवळजवळ काहीच नसलं तर नर. नर असेल तर आजूबाजूच्या सगळ्या माद्यांना तुमच्याच अंगणातून पराग जात असेल, हे शेजाऱ्यांना सांगा. मादी असेल तर मधमाश्यांच्या टप्प्यात एखादा नर लावा. रोपवाटिकेत नावावरून निवडू नका. ‘सिल्व्हर क्वीन’ ही जात नर आहे आणि ‘गोल्डन किंग’ मादी! आणखी एक कारण असू शकतं. हॉलीची फुलं मागच्या वर्षीच्या फांद्यांवर येतात. दरवर्षी कुंपणासारखी काटछाट केलीत तर फुलंच कापली जातात, मग फळं कुठून येणार?

फळं आणि कडक हिवाळा हा समज उलटा आहे. फळांची संख्या मागच्या वसंतातल्या आणि उन्हाळ्यातल्या हवेवर ठरते, पुढच्या थंडीची खबर झाडाला नसते.

झाड मोठं असेल तर खालची आणि वरची पानं शेजारी ठेवून बघा. खालची काटेरी, वरची बरीचशी गुळगुळीत काठाची. इंग्लंडच्या काही भागांत काटेरी हॉलीला ‘तो’ आणि गुळगुळीतला ‘ती’ म्हणत. नाताळला आधी कुठली घरात आली त्यावरून वर्षभर घरात कुणाचं चालणार ते ठरे. एकाच झाडावर दोन तऱ्हेची पानं असतात, हे लोकांनी टिपलेलं होतं. कारण मात्र आपल्या काळात उकललं. स्पेनमध्ये हेरेरा आणि बाझागा या संशोधकांनी २०१२मध्ये दाखवलं की हरणं किंवा शेळ्या जिथे पानं ओरबाडतात तिथे नवी पानं अधिक काटेरी येतात. त्याच झाडाच्या काटेरी आणि बिनकाटेरी पानांत डीएनएचा मजकूर बदललेला नसतो, पण त्यावरच्या मिथाइल खुणा, म्हणजे जनुकांचं काम कमीजास्त करणाऱ्या रासायनिक खुणा, वेगळ्या असतात. जागचं न हलणारं झाड तोंडं मारणाऱ्या जनावराला असं उत्तर देतं. मला हा शोध काट्यांच्या सगळ्या कथांइतकाच सुंदर वाटतो.

प्रश्न : आयव्हीची वेल झाडाला मारते का?

उत्तर : नाही. ती परजीवी नाही. खोडावरची तिची बारीक मुळं फक्त पकड घेतात, अन्नपाणी ती जमिनीतूनच घेते. जुनी आयव्ही उंच चढून उजेडात आली की तिची पानं बदलतात, खाचा जाऊन साधी होतात आणि ऐन शरदात तिला फुलं येतात. बाकी सगळं फुलायचं थांबलेलं असतं तेव्हा मधमाश्यांना हाच मोठा आधार असतो, आणि फळं हिवाळ्याच्या शेवटी भुकेल्या पक्ष्यांना मिळतात. शक्य असेल तिथे राहू द्या.

प्रश्न : गेल्या नाताळात पॉइन्सेटियाची कुंडी भेट आली. लाल फुलं गळाली, झाड जगलं, पण आता नुसतं हिरवं आहे. पुन्हा लाल कसं होईल? आणि नातू दीड वर्षाचा आहे, हे विषारी आहे असं ऐकलं.

उत्तर : आधी नातवाचं. घाबरू नका. पॉइन्सेटिया भयंकर विषारी आहे ही समजूत १९१९मध्ये हवाई बेटांवर एक मूल दगावल्याच्या गोष्टीतून पसरली, आणि ती गोष्ट पुढे सिद्ध झाली नाही. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडच्या २२ हजारांहून अधिक नोंदी तपासून १९९६मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत एकही मृत्यू नव्हता. चीक मात्र कातडीला झोंबतो आणि पान खाल्लं तर उलटी होऊ शकते, म्हणून कुंडी उंचावर ठेवा.

जे लाल गळालं ती फुलं नव्हती, रंगीत छदं होती, म्हणजे फुलांखालची पानं. फुलं मधोमधच्या पिवळट-हिरव्या बोंडांत असतात. पुढच्या वेळी एक बोंड जवळून पाहा. छोट्या पेल्यात एकच मादी फूल, भोवती केवळ एकेका पुंकेसराची नर फुलं, आणि पेल्याच्या कडेला पिवळ्या ओठांसारखी मधुग्रंथी. मधाचा थेंब तिथे चकाकताना दिसतो. पाकळी नावाला नाही. कीटकांना आणि हमिंगबर्डना बोलावण्याचं काम पानांवर सोपवलेलं आहे.

ती पानं लाल होतात ती रात्रीच्या लांबीमुळे. मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूच्या उतारांवर हे तीन-चार मीटर उंचीचं झुडूप आहे, आणि वर्षअखेरीस रात्री लांबल्या की ते फुलतं. म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून आठ ते दहा आठवडे त्याला रोज चौदा तास सलग अंधार द्या. संध्याकाळी पाचला वर खोकं पालथं घाला, सकाळी सातला काढा. दिवसा भरपूर उजेड द्या. ‘सलग’ हा शब्द पाळा. मध्यरात्री कुणी दोन मिनिटं दिवा लावला किंवा खिडकीतून रस्त्यावरचा दिवा आत आला तर बेत फसतो. तुमचं झाड हिरवं राहिलं त्याचं कारण बहुधा दिवाणखान्यातला दिवा हेच असावं.

अझ्टेक लोक याला क्वेत्लाशोचित्ल म्हणत. छदांपासून रंग करत आणि चीक तापावर वापरत. सतराव्या शतकात तास्कोजवळच्या फ्रान्सिस्कन मठवासीयांनी ते नाताळच्या मिरवणुकीत आणलं असं सांगतात. मेक्सिकोत त्याचं आजचं नाव फ्लोर दे नोचेबुएना, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचं फूल. तिथली कथा एका गरीब मुलीची : बाळ येशूला द्यायला तिच्याकडे काही नसतं, ती वाटेवरचं तण उपटून नेते आणि वेदीपाशी त्याची टोकं लाल होतात. ज्याने कुणी ही कथा रचली त्याला ठाऊक होतं की लाल होतात ती हिरवी पानंच. जगभर रूढ झालेलं नाव मात्र मेक्सिकोतले पहिले अमेरिकी राजदूत जोएल पॉइन्सेट यांचं. १८२५ ते १८२९ ते तिथे होते आणि रोपं त्यांनी दक्षिण कॅरोलिनातल्या आपल्या घरी पाठवली. ज्यांनी शतकानुशतकं हे झाड जोपासलं त्यांचं नाव मागे पडलं याची मला खरोखर खंत वाटते, म्हणून क्वेत्लाशोचित्ल एकदा मोठ्याने म्हणून पाहा.

तुमची कुंडी बुटकी, भरगच्च आहे ना? तो तिचा मूळ स्वभाव नव्हे. रानातलं झुडूप उंच आणि विरळ असतं. उत्पादक भरगच्च जातीवर कलम करून फांद्यांची दाटी आणत, पण ती का येते हे कुणाला ठाऊक नव्हतं. १९९७मध्ये कळलं की हा फायटोप्लाझ्माचा, म्हणजे कोशभित्ती नसलेल्या एका जिवाणूचा, संसर्ग आहे. दुकानातली सुंदर कुंडी एका अर्थी आजारीच असते, आणि तिचं सगळं देखणेपण त्या आजारात आहे.

प्रश्न : नाताळच्या झाडांतले फर आणि स्प्रूस ओळखायचे कसे? आमचं झाड आठवड्यात सुया गाळतं.

उत्तर : एक सुई चिमटीत फिरवा. स्प्रूसची सुई चौकोनी, ती फिरते. फरची चपटी, फिरत नाही. सुई गळलेल्या जागी बोट फिरवा : स्प्रूसची डहाळी खरखरीत लागते, फरची गुळगुळीत. लवकर गळतो तो स्प्रूस. सुया टिकायला हव्या असतील तर नॉर्डमान फर घ्या. बुंध्याची पातळ चकती घरी आणल्यावर कापा आणि झाड लगेच पाण्यात उभं करा, शेगडीपासून दूर.

या नॉर्डमान फरचं बरंचसं बियाणं जॉर्जिया देशातल्या राचा भागातून येतं. फरचं शंकू फांदीवर उभं असतं आणि पिकलं की जागीच विखरून जातं, म्हणून बी हवं तर माणसाला उंच झाडावर चढावंच लागतं. तीस मीटर उंचीवर जाऊन शंकू काढणाऱ्या त्या माणसांचा विचार दुकानातलं झाड घेताना मनात असू द्या.

प्रश्न : ग्लास्टनबरीचं काटेझाड नाताळला फुलतं हा चमत्कार की भूलथाप?

उत्तर : दोन्ही नाही. इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं हे हॉथॉर्नचं ‘बायफ्लोरा’ वाण आहे. ते वर्षातून दोनदा फुलतं, एकदा हिवाळ्यात आणि एकदा नेहमीप्रमाणे वसंतात. कथा अशी की येशूला कबरीत ठेवणाऱ्या अरिमथियाच्या योसेफाने वेअरीऑल टेकडीवर आपली काठी रोवली आणि तिला पालवी फुटली. बी पेरलं तर साधंच हॉथॉर्न उगवतं, दोनदा फुलणं कलमानेच टिकतं. जुनं झाड सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात तोडलं गेलं, वाण मात्र कलमांतून जगलं. काठीतून झाड उभं राहण्याच्या या कथेत कलमाची आठवण आहे असं मला वाटतं.

या झाडाने एकदा पंचांगाच्या वादात साक्ष दिली आहे. १७५२मध्ये ब्रिटनने नवं कॅलेंडर घेतलं आणि सप्टेंबरमधले अकरा दिवस गाळले. त्या वर्षीचा नाताळ ‘खरा’ कुठला, यावर लोक अडले. बकिंगहॅमशायरमधल्या क्वेन्टन गावात याच झाडाचं कलम मानल्या जाणाऱ्या काटेझाडाभोवती नव्या तारखेच्या आदल्या रात्री कंदील घेऊन मोठा जमाव जमला. झाड फुललं नाही. मग कित्येकांनी नवा नाताळ मानायचंच नाकारलं. ग्लास्टनबरीचं झाड जुन्या नाताळाला, ५ जानेवारीला, फुलल्याच्या बातम्या पुढे छापून आल्या. झाडाला तारीख कळत नाही, गेल्या काही आठवड्यांची हवा कळते. पण निकाल झाडावर सोपवून थंडीत त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहणाऱ्या त्या लोकांबद्दल मला आदर आहे.

प्रश्न : म्युनिकला शेजारच्या आजींनी ४ डिसेंबरला चेरीची काटकी दिली आणि म्हणाल्या, पाण्यात ठेव, नाताळला फुलेल. खरंच फुलते का?

उत्तर : फुलते, मी लेकीच्या घरी पाहिली आहे. ४ डिसेंबर हा संत बार्बराचा दिवस. तुरुंगात नेताना तिच्या झग्यात चेरीची डहाळी अडकली, तिने ती आपल्या पाण्यावर जगवली आणि मृत्युदंडाच्या दिवशी ती फुलली, अशी कथा आहे. चेरीच्या कळ्या उन्हाळ्यातच तयार होऊन झोपी जातात. गोठणबिंदूच्या जरा वरची थंडी शेकडो तास मिळाल्याशिवाय त्या कितीही ऊब दिली तरी जाग्या होत नाहीत, नाहीतर शरदातल्या एखाद्या उबदार आठवड्यात फुलून पुढच्या हिमात जळाल्या असत्या. डिसेंबरच्या सुरुवातीला बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या प्रांतात, ही थंडी पुरी होत आलेली असते, म्हणून तारीख अगदी नेमकी साधली आहे.

काटकी रात्रभर कोमट पाण्यात आडवी बुडवून ठेवा. सकाळी टोक तिरकं कापा, फुलदाणीत उभी करा, पहिले काही दिवस थंड खोलीत आणि मग उबेत. पाणी तीन दिवसांनी बदला. खोलीची हवा फार कोरडी असेल तर कळ्यांवर पाणी शिंपडा. शरद उबदार गेला असेल तर कळ्या फुगून तशाच राहतील. मग आजींना विचारून जानेवारीत दुसरी काटकी तोडून आणा. तोवर थंडीचा हिशेब पुरा झालेला असेल आणि ती पहिलीपेक्षा लवकर फुलेल.